काढलेली चरबी भरण्याआधी साफ कशी करायची: सिरिंज, सेंट्रीफ्यूज का किट?

ओटीत, म्हणजे ऑपरेशन थिएटरमधी, नवीन लागलेली पोरंपोरी पहिल्यांदा फॅट ग्राफ्टिंगची, म्हणजे पेशंटचीच चरबी एका जागेवरनं काढून दुसरीकडं भरायची केस बघतात तेव्हा सगळ्यांचं लक्ष सर्जनच्या हाताकडं असतंय. पोटातनं चरबी ओढताना बघायला भारी वाटतंय, गालात भरताना तर अजूनच, पण ह्या दोन्हीच्या मधी ट्रॉलीवर जी पंधरावीस मिनिटं जातात ना ती आपली असतात भावांनो, टेक्निशियनची आणि स्क्रब सिस्टरची, आणि भरलेली चरबी कितपत टिकणार ह्यातला बराच भाग तिथंच ठरतोय. मी कोल्हापुरात बरीच वर्षं ओटीत काढली, हे काम आधी चाळणीवर शिकलो, मग सेंट्रीफ्यूजवर (गरगर फिरवून थर वेगळे करणारं मशिन), मग कंपन्यांच्या तयार किटा आल्या. दर वेळी नवीन माणसाला तेच तेच सांगतोय म्हणून एकदा लिहूनच टाकतो. कुठली पद्धत वापरायची हे सर्जनच सांगणार, आपण आपल्या मनानं काय बदलायचं न्हाई, पण आपण करतोय ते का करतोय हे माहीत पाहिजे.

आधी हे समजून घ्या की काढायचं काय हाय. ओढलेली चरबी सिरिंजमधी उभी करून ठेवली की थोड्या वेळात तीन थर दिसतात. मिसळीच्या कटावर तवंग येतोय तसं सगळ्यात वर पिवळं तेल, ते म्हणजे फुटलेल्या पेशींतनं बाहेर आलेलं. मधी आपल्याला पाहिजे ती चरबी. खाली लालसर पाणी, त्यात रक्त, ट्युमेसंट म्हणजे चरबी ओढायच्या आधी सोडतात ते सलाईन, बधिर करायचं लिग्नोकेन, रक्त कमी यावं म्हणून अ‍ॅड्रेनॅलीन सगळं आलं. तेल तसंच भरलं तर आत तेलाच्या गाठी होतात, कधी कधी त्यात कॅल्शियम साठतंय, आणि ब्रेस्टमधी असेल तर पुढं मॅमोग्राफी करताना रेडिओलॉजिस्टच्या डोक्याला ताप. रक्त राहिलं तर सूज जास्त. पाणी राहिलं तर सर्जनला वाटतंय दहा मिली भरली, प्रत्यक्षात चरबी सहाच मिली, बाकीचं चार-पाच दिवसांत जिरून जातंय आणि पेशंट म्हणतोय डॉक्टर सगळं बसलं की हो.

आमच्या पाव्हण्यांचं गुऱ्हाळ होतं, लहानपणी सुट्टीत तिथंच पडून असायचो. काहिलीत रस तापला की भेंडीचं पाणी घालायचे, मळी वर यायची, ती काढून टाकायची. मळी राहिली तर गूळ काळा पडतोय, आणि ती काढायच्या नादात जास्त वेळ आग लावली तरी गूळ गेला, म्हणून गुळव्याची नजर लागती. चरबीचं तसंच, घाण काढायची पण माल मारायचा न्हाई. फरक एवढाच की रस उकळला तरी चालतोय, चरबी जिवंत असती. तिचा रक्तपुरवठा तुटलेला असतोय आणि नवीन जागी आजूबाजूच्या भागातनं प्राणवायू मिळेपर्यंत तिला तग धरायचा असतोय. म्हणूनच एका जागी मोठा गोळा भरला तर कडेपासून साधारण दीड मिलिमीटरपर्यंतची चरबी जगती आणि मधली मरती, सर्जन लोक बारीक बारीक थेंबाथेंबानं वेगवेगळ्या थरांत भरतात ते त्यासाठी. ही गोष्ट काय नवी न्हाई, जर्मनीत नॉयबर नावाच्या सर्जननं १८९३ साली हाताची चरबी चेहऱ्यावरच्या खड्ड्यात घातली होती आणि तेव्हाच त्याच्या ध्यानात आलं होतं की बारके तुकडे बरे टिकतात.

आता कामाला लागू. केसच्या आधी सर्जनना एकच विचारायचं, भरायची किती आणि कुठं? चेहऱ्याला दहा-वीस मिली लागणार असेल तर ट्रॉली वेगळी, ब्रेस्टला दोनशे-अडीचशे मिली लागणार असेल तर वेगळी. ओढलेल्यातली भरण्यालायक चरबी आमच्याकडं बऱ्याचदा निम्म्याच्या आसपास निघती, कधी अजून कमी, म्हणून पन्नास भरायची असेल तर शंभराच्या वर ओढायची तयारी ठेवा. दहा मिलीच्या लुअर लॉक, म्हणजे टोकाला फिरवून घट्ट बसणाऱ्या, सिरिंजा भरपूर काढून ठेवायच्या, साध्या स्लिप टोकाच्या न्हाईत, त्या ऐन वेळी निसटतात आणि चरबी छतावर जाती (आमच्याकडं एकदा खरंच दिव्याला लागली होती, सरांनी नुसतं वर बघितलं, काय बोलले न्हाईत, ते बोलण्यापेक्षा वाईट होतं). टोपणं, सिरिंज उभ्या ठेवायचा रॅक, एका सिरिंजमधनं दुसरीत भरायचा दोन्हीकडनं लुअर असलेला कनेक्टर, एक मिलीच्या सिरिंजा, आरएलच्या म्हणजे रिंगर लॅक्टेट सलाईनच्या बाटल्या, निर्जंतुक वाटी, एवढं आधीच मांडून ठेवा.

चरबी ओढणं सर्जनचं काम, पण एक लक्षात ठेवा, दांडा पूर्ण मागं ओढून लॉक करायला कुणी सांगितलं तर एकदा विचारून खात्री करा. न्यूयॉर्कचे सर्जन सिडनी कोलमन ह्यांनी १९९० च्या दशकात जी पद्धत बसवली त्यात दांडा एक-दोन मिलीच मागं घ्यायचा असतोय, हळू ओढायचं, बोथट टोकाची कॅन्युला म्हणजे पोकळ नळी वापरायची. सक्शन मशिनवर काढणार असाल तर पूर्ण व्हॅक्यूम मारू नका. ओढतानाच पेशी फाटल्या तर मग पुढं कुठलंबी मशिन आणा, फाटलेलं शिवून देत न्हाई.

सगळ्यात साधी पद्धत म्हणजे नुसतं उभं ठेवणं. टोपण लावून सिरिंजा रॅकमधी दहा-पंधरा मिनिटं, खालचं पाणी टोपण काढून सोडून द्यायचं, झालं. फुकट हाय, पेशीला मार बसत न्हाई, पण साफ मात्र अर्धवटच होतंय, पाणी आणि रक्त मागं राहतंय. घाईच्या छोट्या केसला चालवून घेतात.

त्याच्यापेक्षा बरं म्हणजे धुणं. आरएल किंवा सलाईन सिरिंजमधीच ओढायचं, हळूच दोन-चार वेळा उलटसुलट करायचं, परत उभं ठेवायचं, खालचं सोडायचं, पाणी फिकट होईपर्यंत. दुसरा प्रकार स्टीलच्या निर्जंतुक चाळणीवर चरबी ओतून वरनं आरएल सोडायचं. इथं नवीन माणूस एक चूक हमखास करतोय, चमच्यानं घोटतोय, दाबतोय, जणू काय चक्का गाळायला बसलाय. दाबायचं न्हाई, पाण्यालाच काम करू द्यायचं. आणि चाळणीवर चरबी उघडी असती, ओटीचा एसी चालू, वाळायला लागती, त्यामुळं धुतलं की लगेच सिरिंजमधी भरा, फोन आला म्हणून तशीच ठेवून जाऊ नका. तिसरा प्रकार न चिकटणाऱ्या ड्रेसिंगच्या पॅडवर चरबी पसरून हळू लोळवायची, पॅड तेल आणि पाणी दोन्ही शोषून घेतोय. लई सर्जन ह्या पद्धतीवर खूश असतात आणि चेहऱ्याच्या केसला मला पण ही आवडती, पण साधा गॉज वापरू नका, त्याचे धागे चरबीला लागतात आणि मग ते आत जातात.

सेंट्रीफ्यूजवर जरा थांबून सांगतो कारण सगळ्यात जास्त गोंधळ इथंच. डेअरीत दुधातनं साय वेगळी करायला फिरवतात तेच तत्त्व, जड खाली, हलकं वर. कोलमन पद्धतीत ३००० आरपीएम, ३ मिनिटं. हा आकडा सगळ्यांना पाठ असतोय पण आरपीएम म्हणजे नुसत्या फेऱ्या, पेशीवर जोर किती पडतोय ते रोटर, म्हणजे सिरिंजा घेऊन फिरणारा भाग, किती मोठा त्यावर असतंय. हिशोब सोपा हाय: रोटरची त्रिज्या सेंटिमीटरमधी घ्या, गुणिले आरपीएमचा वर्ग, गुणिले ०.००००१११८. त्रिज्या १० सेंटिमीटर असेल तर ३००० आरपीएमला साधारण १००० जी (म्हणजे गुरुत्वाकर्षणाच्या हजारपट जोर) येतंय, १५ सेंटिमीटर असेल तर १५०० च्या पुढं. कोलमन पद्धतीचा जोर साधारण १२०० जी धरतात. म्हणजे मोठ्या रोटरच्या मशिनवर डोळे झाकून ३००० लावलं तर चरबीला सव्वापट मार. मशिनच्या मागं त्रिज्या लिहिलेली असती, नसली तर मोजा, हिशोब करून चिकटपट्टीवर लिहून मशिनला लावा, आमच्या मशिनवर ती पट्टी अजून हाय.

सिरिंज घालायच्या आधी खालच्या टोकाला लॉकचं टोपण घट्ट लावायचं आणि मग दांडा काढून टाकायचा, तो तसाच ठेवला तर रोटरमधी बसतच न्हाई, बसला तर मोडतोय. समोरासमोर सारख्या वजनाच्या सिरिंजा, एक कमी पडली तर तेवढंच सलाईन भरलेली दुसरी लावायची, न्हाईतर मशिन टेबलावर नाचतंय. आणि महत्त्वाचं, ऑटोक्लेव्ह केलेल्या (दाबाच्या वाफेनं निर्जंतुक केलेल्या) आतल्या नळ्या पाहिजेतच. लॅबमधलं रक्ताचं सेंट्रीफ्यूज उसनं आणून त्याच्यात निर्जंतुक सिरिंज घालायची हा प्रकार मी डोळ्यानं बघितलाय, कुठं ते सांगत न्हाई, पण असं करू नका.

फिरवून झालं की आधी वरचं तेल ओतून टाकायचं, मग खालचं टोपण काढून पाणी सोडायचं, ह्याच क्रमानं. वरचं उरलेलं तेल टिपायला पॅडची किंवा कापसाची पट्टी आत सोडून थोडा वेळ थांबायचं. क्रम चुकला आणि तेल वर असतानाच खालचं उघडलं तर सगळंच खाली सरकायला लागतंय आणि मग पळापळ. आणखी एक बारकावा, फिरवलेल्या चरबीत तळाकडची चरबी जास्त घट्ट असती, तिच्यात मूळ पेशी म्हणजे स्टेम सेल पण जास्त सापडतात, त्यामुळं काही सर्जन डोळ्याखालच्या किंवा जळालेल्या व्रणाच्या नाजूक जागेसाठी तळाचीच चरबी मागतात. म्हणून सगळी एका वाटीत ओतून काला करू नका, सिरिंजवर वर-खाली लिहून ठेवा, मागितली न्हाई तर मग मिसळा.

आता किटांकडं येऊ. एमआर, म्हणजे कंपनीचे माल खपवणारे प्रतिनिधी, आले की टेबलावर चकचकीत पुस्तक टाकतात आणि सगळ्या किटा सारख्याच भारी वाटतात, म्हणून आत काय होतंय ते बघा. प्युअरग्राफ्ट म्हणजे बंद पिशवी, तिच्यात गाळणीचा पडदा. चरबी आत घालायची, आरएल घालायचं, पिशवी हळू हलवायची, पाणी-तेल-रक्त पडद्यातनं खालच्या पिशवीत जातंय, परत एकदा धुवायचं, मग सिरिंजनं ओढून घ्यायची. ५०, २५० आणि ८५० मिलीच्या पिशव्या मिळतात. रिव्हॉल्व्ह म्हणजे जाळी बसवलेला डबा, चरबी सरळ सक्शनच्या नळीतनं आत येती, आरएल सोडायचं, वरचं हँडल फिरवायचं, आतली पाती चरबी हलवतात, पाणी सक्शनला जातंय. दोन्हींचा खरा फायदा म्हणजे चरबी उघड्यावर येत न्हाई आणि दोनशे-तीनशे मिली एकदम साफ होती. दहा मिलीच्या वीस-पंचवीस सिरिंजा सेंट्रीफ्यूजला लावायच्या तर हात भरून येतात आणि पेशंट तेवढा वेळ भुलीखाली, तिथं किट पैसे वसूल करती. पण गालाच्या पंधरा मिलीसाठी मोठी किट उघडायची म्हणजे वाटीभर आमटीसाठी हंडा चढवायचा. साफ करायच्या पद्धतींची एकमेकांशी तुलना बरीच झालीय आणि सगळ्यात भारी अमुकच असं अजून कुणी ठामपणे दाखवलेलं न्हाई, त्यामुळं एमआरनी सांगितलं की आमच्याच किटमधली चरबी टिकती तर चहा पाजा आणि पुस्तक ठेवून घ्या.

लिपोजेम्स हा इटलीत तयार झालेला वेगळा प्रकार. सलाईननं भरलेलं बंद नळकांडं, आत स्टीलच्या गोळ्या, ते हलवलं की चरबीचे बारीक तुकडे होतात आणि तेल-रक्त धुऊन जातंय. ही जास्त करून हाडांचे डॉक्टर सांध्यासाठी वापरतात, भर घालायला न्हाई. नॅनोफॅट पण वेगळं, बेल्जियमच्या टोनार आणि मंडळींनी २०१३ मधी मांडलेलं. त्यात दोन सिरिंजा कनेक्टरनं जोडून चरबी तीसएक वेळा इकडनं तिकडं मारायची आणि मग बारीक जाळीतनं गाळायची. ह्यात चरबीच्या पेशी जाणूनबुजून मोडलेल्या असतात, जिवंत चरबी पेशी जवळजवळ राहतच न्हाई, राहतात त्या स्टेम सेल, म्हणून नॅनोफॅट त्वचेच्या पोतासाठी, व्रणासाठी, खड्डा भरायला त्याचा उपयोग न्हाई. हे ध्यानात ठेवायचं कारण, साध्या केसला एक मिलीच्या सिरिंजमधी भरताना कनेक्टरवरनं चरबी उगीच चार-पाच वेळा मागंपुढं करणारे महाभाग असतात, नकळत नॅनोफॅट करून ठेवतात आणि मग म्हणतात ग्राफ्ट टिकला न्हाई. एकदाच, हळू, हवेचे बुडबुडे काढून.

किट घेताना स्टोअरवाल्याला सोडून देऊ नका, स्वतः डबा हातात घ्या. आपल्याकडं मेडिकल डिव्हाइसेस रूल्स २०१७ आहेत आणि १ एप्रिल २०२० पासून सगळी उपकरणं कायद्याच्या कक्षेत आलीत, त्यामुळं बाहेरच्या देशातली किट असेल तर लेबलवर आयातदाराचं नाव आणि आयात लायसन्स नंबर पाहिजे, विकणाऱ्याकडं एमडी-४२ चं रजिस्ट्रेशन नसेल तर औषध विक्रीचं लायसन्स पाहिजे. बॅच, एक्स्पायरी, निर्जंतुक कसं केलंय, किती मिलीपर्यंत चालती, कमीत कमी किती लागती, हे विचारून घ्या. कमीत कमीचं विसरतात सगळे, मोठ्या पिशवीत थोडी चरबी घातली तर निम्मी पडद्यालाच चिकटून राहती.

आणि एकदाच वापरायची असं लिहिलंय म्हणजे एकदाच. आमच्याकडं एक पुरवठादार सांगायचा, अहो ईटीओ करून (गॅसनं निर्जंतुक करून) दोन-तीन वेळा आरामात चालती, सगळे करतात. त्या जाळीत आधीच्या पेशंटची चरबी अडकून बसलेली असती, ती धुऊन जात न्हाई, ईटीओनं जंतू मेले तरी दुसऱ्याची चरबी तिथंच. मी तेव्हा मोठ्या सिस्टरना सांगितलं, त्यांनी त्या किटा कात्रीनं कापून टाकल्या, पुरवठादार महिनाभर माझ्याशी बोलत नव्हता. न बोलू दे.

अजून एक, पेशंटचे नातेवाईक बाहेर आपल्यालाच गाठून विचारतात, चरबीतनं स्टेम सेल काढून गुडघा नवा करतात म्हणं, मामाचं करता येईल का? धुणं, गाळणं, फिरवणं ही एक गोष्ट, कोलॅजिनेज एन्झाइम घालून चरबी विरघळवून पेशी वेगळ्या करणं ही पूर्ण दुसरी गोष्ट. आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) २०१७ च्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणं रक्ताच्या आजारांसाठीचं बोन मॅरोसारखं मान्यताप्राप्त प्रत्यारोपण सोडलं तर बाकी स्टेम सेलचे उपचार फक्त मंजूर झालेल्या क्लिनिकल ट्रायलमधीच करायचे आहेत, म्हणजे पैसे घेऊन सरसकट विकायचे न्हाईत. आपण वचन द्यायचं न्हाई, मामाला डॉक्टरकडं पाठवायचं.

उरलेली चरबी फ्रीजमधी ठेवून पुढच्या सिटिंगला वापरू असं कुणी सुचवलं तर ते पण न्हाईच, साध्या फ्रीझरमधी बर्फ होताना पेशी फुटतात आणि मग आपण तेलच भरणार. पुढच्या वेळी ताजी काढतात.

भरताना सर्जनच्या हातात देताना सिरिंजवर किती मिली ते मोठ्यानं सांगा आणि सिस्टरना लिहायला लावा: ओढली किती, साफ होऊन राहिली किती, कुठल्या बाजूला किती गेली. चेहऱ्याला शक्यतो बोथट कॅन्युलाच लावून द्यायची, टोकदार सुई रक्तवाहिनीत शिरली आणि चरबी आत गेली तर डोळा जाऊ शकतोय, नॅनोफॅटला बारीक सुई लागती तिथं तर सर्जनना एकदा आठवण करून द्या, रागावले तरी चालतंय. नितंबाच्या केसेसमधी चरबी फुफ्फुसात जाऊन माणसं दगावली आहेत, म्हणून २०१८ मधी प्लॅस्टिक सर्जनांच्या संघटनांनी मिळून नेमलेल्या टास्क फोर्सनं स्पष्ट सांगितलं की चरबी कातडीखालीच भरायची, स्नायूत न्हाई. किट वापरली असेल तर तिचा स्टिकर पेशंटच्या फाईलला चिकटवा. टाकायची चरबी पिवळ्या पिशवीत, सिरिंजा आणि नळ्या लाल पिशवीत, सुया पांढऱ्या डब्यात.

शेवटी कॅन्युला. केस संपली की सगळ्यांना चहा सुचतोय आणि कॅन्युला ट्रेमधी वाळत पडती, आत चरबी थिजली की मग ती निघता निघत न्हाई. नळाच्या पाण्यात खंगाळून ऑटोक्लेव्हला टाकलं म्हणजे झालं असं समजू नका, नळीच्या आत राहिलेली घाण आणि पाण्यातले क्षयाच्या जातीतले पण टीबी नसलेले जंतू, त्यानं महिन्याभरानं भोकाच्या जागी गाठी येतात, पू येतोय, आणि त्याची औषधं महिनोनमहिने घ्यावी लागतात. केस झाल्या झाल्या सिरिंजनं आतनं पाणी मारा, मग एन्झाइमच्या पाण्यात भिजवा, मग नळीच्या मापाचा लांब ब्रश ह्या टोकाकडनं त्या टोकाकडं काढा, बाजूच्या भोकातनं पण. ब्रश बाहेर आला की पांढऱ्या गॉजवर पुसून बघा, पिवळा डाग दिसला तर परत भिजवायला टाका. डाग न्हाई दिसला की शेवटचं पाणी निर्जंतुक घ्या, हवा मारून वाळवा आणि मगच पॅक करा.